आधी गुरुजींची भीड चेपली पाहिजे

इंग्रजीच्या तासाला मुले बिचकतात, हे आपण सगळे जाणतो. पण शिकवणाराही बिचकतो, याविषयी फारसे बोलले जात नाही. आमच्या मुळशी तालुक्यात एका टोकाला हिंजवडी आहे. तिथे इंग्रजीवर हजारोंच्या चुली पेटतात. दुसऱ्या टोकाला डोंगरातल्या छोट्या शाळा आहेत. तिथले गुरुजी गणित खणखणीत शिकवतात आणि इंग्रजीचे पुस्तक उघडले की आवाज खाली आणतात. हा दोष त्यांचा नाही. त्याला इतिहास आहे.

आपल्याकडे इंग्रजी रुजली ती कचेरीची भाषा म्हणून. साहेबाचा कागद समजावा, त्याला उत्तर लिहिता यावे, एवढीच गरज होती. म्हणून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या घोकल्या गेल्या. पुढे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेल्या रेनसाहेबांचे आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. पुस्तके उत्तमच होती. पण त्यांच्या वापरातून एक समजूत घट्ट झाली: आधी नियम, मग वाक्य, बोलणे सगळ्यात शेवटी, आणि चुकणार असाल तर तोंडच उघडू नका.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून ठेवली. मातृभाषेला बळ मिळावे, हा हेतू चांगला होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती पुन्हा पाचवीत आली. तेव्हा वर्गात उभे होते ते आठवीत पहिल्यांदा ‘ए, बी, सी’ गिरवलेले शिक्षक. त्यांना तयार करण्यासाठी १९६५मध्ये इंग्रजी अध्यापनाची राज्यसंस्था निघाली. मग २०००मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. पुन्हा तेच! पाचवीत इंग्रजी शिकलेल्यांनी आता पहिलीला शिकवायचे. पहिलीच्या पोराला ना नियम कळतो, ना भाषांतर. त्याला गाणे हवे, गोष्ट हवी, गप्पा हव्यात. म्हणजे गुरुजींनी स्वतः विद्यार्थी असताना जे कधी केले नाही, नेमके तेच.

डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५मध्ये यावर बोट ठेवले. शिक्षक होणारा माणूस प्रशिक्षणाला येण्याआधी वर्षानुवर्षे बाकावर बसून शिक्षकांना न्याहाळत असतो; शिकवणे म्हणजे काय, हे त्याच्या मनात तिथेच ठरते. अध्यापक विद्यालयातली दोन वर्षे त्यापुढे तोकडी पडतात. पाठाच्या टाचणात ‘संभाषण’ लिहिले जाते, आणि प्रत्यक्ष वर्गात फळ्यावर शब्दार्थ उतरतात. आत्मविश्वासाचेही तसेच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी सांगितले, की ‘मला जमेल’ ही भावना उपदेशाने फारशी येत नाही. ती येते स्वतः करून जमल्याने, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहिल्याने.

आमच्या घरात दखनी बोलली जाते. कविता मी मराठीत लिहितो. या दोन्ही भाषा आम्हांला व्याकरणाने नाही दिल्या. चुकतमाकत बोलू दिले, कुणी हसले नाही, म्हणून त्या आल्या. इंग्रजी शिकवायला निघालेल्या तरुण-तरुणींना ही सवलत का नसावी? सराव पाठाच्या वेळी मागच्या बाकावर वही घेऊन बसलेला निरीक्षक चुकाच मोजणार असेल, तर तेही उद्या मुलांच्या चुकाच मोजतील.

वाट नाही असे नाही. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने ‘वुई लर्न इंग्लिश’ हे ध्वनिपाठ केले. त्यांत मुलांबरोबर शिक्षकाचीही जीभ वळते. २०१६मध्ये टाटा ट्रस्ट्स, ब्रिटिश कौन्सिल आणि राज्य शासनाच्या ‘तेजस’ प्रकल्पाने शिक्षकांचे गट जमवले. आपल्यासारख्यांतच बसून बोलायचे, करून पाहायचे, हा त्याचा गाभा.

इंग्रजीपायी आईबाप पोटाला चिमटा घेऊन पोराला इंग्रजी माध्यमात घालतात आणि गावातली मराठी शाळा ओस पडत जाते. ती टिकवायची असेल, तर नुसती पुस्तके बदलून भागणार नाही. शिकवणाऱ्याला आधी निर्धास्तपणे चुकू द्यावे लागेल. जो गुरुजी चुकायला भीत नाही, त्याच्याच वर्गात पोरे बोलू लागतात.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)