तक्ता चुकला, पॅकेट नाही : राउटिंग आणि फॉरवर्डिंगची गोष्ट

राउटिंग आणि फॉरवर्डिंग हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. गप्पा मारताना चालतं. संशोधनाचा प्रश्न मांडताना चालत नाही. का, ते एका जुन्या बिघाडावरून बघू.

1969 मध्ये अमेरिकेत अर्पानेट सुरू झालं. त्याच्या प्रत्येक केंद्रावर ‘इम्प’ नावाचा एक छोटा संगणक असे. त्याची मुख्य कामं दोन. एक, शेजारच्या इम्पांकडून माहिती घेऊन ‘अमुक ठिकाणी जायचं तर कोणत्या शेजाऱ्याकडे पाठवायचं’ याचा तक्ता तयार ठेवणं. हे राउटिंग. दुसरं, आलेल्या पॅकेटवरचा पत्ता त्या तक्त्यात बघून ते योग्य तारेवर सोडणं. हे फॉरवर्डिंग.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डच्या इम्पची मेमरी बिघडली. ‘माझ्याकडून कुठेही पोचायला शून्य वेळ लागतो’ असं तो शेजाऱ्यांना सांगू लागला. शेजाऱ्यांनी ते खरं मानलं, त्यांनी पुढच्यांना कळवलं, आणि ज्यांचा हार्वर्डशी काही संबंध नव्हता अशी पॅकेटंही तिकडे धावली. आता बघा, बाकीच्या इम्पांचं फॉरवर्डिंग अगदी चोख चालू होतं. तक्त्यात जे लिहिलं होतं तेच ते करत होते. चूक तक्त्यात होती.

1979 मध्ये अर्पानेटची राउटिंगची पद्धत बदलली. आता प्रत्येक इम्प फक्त स्वतःच्या तारांवरचा विलंब मोजून सगळ्यांना कळवू लागला. सर्वांत जवळची वाट ज्याची त्याने काढायची. तक्ता बनवायची रीत बदलली, तक्ता बघून पॅकेट पुढे सोडणं मात्र तसंच राहिलं. दोन्ही कामं वेगळी आहेत याचा याहून चांगला पुरावा कोणता?

जुने पेपर शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 1981 च्या आरएफसी 791 मध्ये आपल्या आजच्या राउटरला ‘गेटवे’ म्हटलंय. 1987 च्या आरएफसी 1009 च्या शीर्षकातही ‘गेटवे’च आहे, तिची जागा घेणाऱ्या 1995 च्या आरएफसी 1812 मध्ये तो ‘राउटर’ झाला. नुसतं ‘राउटर’ टाकून शोधलंत, तर आधीचं बरंच काम हाती लागणारच नाही.

म्हणून प्रस्ताव लिहायच्या आधी स्वतःला विचारा: मला तक्ता बनवण्याची पद्धत सुधारायचीय, की तो वाचण्याचा वेग? उत्तरावर तुमचे प्रयोग आणि मोजमापं दोन्ही ठरतात.