संगणक-प्रणाली प्रशासनाचे शिक्षण : युनिक्सच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

वापरकर्त्यांची खाती उघडणे, परवानग्या ठरविणे, बॅकअप घेणे, बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करणे ही प्रणाली-प्रशासनाची मूलभूत कामे होत. ती दीर्घकाळ वर्गात नव्हे, तर उमेदवारीने शिकली गेली. याचे कारण तंत्रापेक्षा कायद्यात अधिक सापडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. प्रयोगशाळा एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या छत्राखाली होती आणि १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने कंपनीस दूरसंचाराबाहेरील व्यवसायास मज्जाव होता. १९७४ मधील शोधनिबंधानंतर विद्यापीठांची मागणी वाढली. कंपनीने अल्प शुल्कात मूळ संहितेसह प्रणाली दिली. दुरुस्तीची हमी मात्र दिली नाही. हा नकारच पुढे गुरू ठरला. बिघाड झाल्यास विद्यार्थ्यांनाच संहिता वाचून दोष हुडकावा लागे व सापडलेला उपाय ते इतर विद्यापीठांस कळवीत.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यावर भाष्य रचले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ संहिता वर्गात शिकविण्यास बंदी घातली, तेव्हा हे भाष्य छायाप्रतींतून हस्ते-परहस्ते फिरले. ते उघडपणे छापले गेले १९९६ मध्ये. पोथ्यांच्या नकलांवर विद्या जगविणाऱ्या आपल्या समाजास यात नवल वाटू नये.

परंतु हे भाष्य प्रणालीची रचना उलगडते. रोजचा कारभार शिकवीत नाही. युनिक्समध्ये 'रूट' या सर्वाधिकारी खात्यास फाइलींच्या परवानग्यांचे बंधन नसते. त्याच्या हातून गेलेली एक चुकीची आज्ञा सर्वांचे काम पुसू शकते. हा संयम कोणत्या पुस्तकातून शिकावा? नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने दुबळे परवलीचे शब्द आणि ईमेल हाताळणाऱ्या 'सेंडमेल'मधील त्रुटी यांचा लाभ घेत हजारो यंत्रे जर्जर केली, तेव्हा या प्रश्नाची निकड उघड झाली. १९८९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या एव्ही नेमेथ यांनी गार्थ स्नायडर व स्कॉट सीबास यांच्यासह प्रशासनाची हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. विभागाची यंत्रे प्रत्यक्ष सांभाळण्याचा अनुभव नेमेथ यांच्या गाठीशी होता. २०१३ मध्ये टास्मन समुद्रात त्या नौकेसह बेपत्ता झाल्या. हस्तपुस्तिकेची पाचवी आवृत्ती त्यानंतर, २०१७ मध्ये निघाली.