वार, माधुकरी आणि परगावची विद्या

सोळा ते पंचवीस या वयात मनुष्याचे शरीर उपासमार, पायपीट आणि परक्याच्या ओसरीवरील झोप जितक्या सहजपणे सोसते तितक्या सहजपणे ते पुन्हा कधीही सोसत नाही. आणि म्हणूनच जे अनुभव तारुण्यातच घ्यावयाचे, त्यांत जुन्या महाराष्ट्राने एका अनुभवाला जवळजवळ संस्थेचे रूप दिले होते, तो म्हणजे विद्येसाठी घर सोडून परगावी, परक्यांच्या अन्नावर राहणे. या प्रथेची दोन अंगे होती, वार आणि माधुकरी. आज ती दोन्ही इतिहासजमा झाली आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलताना एक तर गहिवरून बोलावयाचे किंवा नाक मुरडावयाचे असा रिवाज पडला आहे. प्रस्तुत लेखकास दोन्ही वृत्ती अपुऱ्या वाटतात.

वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे धरणे. पुणे, वाई, नाशिक यांसारख्या विद्येच्या ठिकाणी नव्याने आलेला मुलगा कोणा गाववाल्याची, दूरच्या नातलगाची किंवा गुरुजींची ओळख घेऊन घरोघर हिंडे, आणि सोमवार जोशांकडे, मंगळवार आपट्यांकडे अशी बेगमी करीत करीत आठवडा भरून काढी. सातही वार लागले तर तो भाग्यवान. बहुतेकांचा एखादा वार रिकामाच राही, आणि त्या दिवशी पाण्यावर किंवा मूठभर चुरमुऱ्यांवर भागवावे लागे. यजमानाच्या घरी विहिरीचे पाणी शेंदणे, पूजेची फुले आणणे, लहान मुलांना पाढे म्हणवून घेणे ही कामे कोणी स्पष्टपणे सांगितली नाहीत तरी वाराच्या मुलाने करावयाची असत. माधुकरीची रीत निराळी. सोवळे नेसून, खांद्याला झोळी आणि हाती तांब्या घेऊन ठरलेल्या आळीत दारोदार 'भवति भिक्षां देहि' असा पुकारा करावयाचा, आणि कोणाकडचा भात, कोणाकडची भाकरी, कोणाकडची आमटी असे जे मिळेल ते एकत्र करून बिऱ्हाडी जेवावयाचे. माधुकरीत लाज दाराबाहेर उभी राहण्याची. वारात ती पानावर बसल्यानंतरची, कारण पंक्तिप्रपंच करणाऱ्या घरी तुपाची धार वाराच्या मुलाच्या पानापर्यंत येता येता हमखास आटत असे. ज्या घरी ती आटत नसे, त्या घरच्या माउलीचे नाव हा मुलगा म्हातारपणापर्यंत विसरत नसे, हेही तितकेच खरे.

या घरगुती व्यवस्थेच्या डोक्यावर दरबारचा आश्रय होता. श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा तळेगावच्या दाभाड्यांचा प्रघात १७३१ नंतर पेशव्यांनी पुण्यास आणला, आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशीचे शास्त्री व भिक्षुक जमू लागले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनसाहेबाने हा खर्च एकदम बंद करण्याचे धाडस केले नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली, आणि हळूहळू दक्षिणेचा पैसा पाठशाळेकडे, ग्रंथांच्या बक्षिसांकडे आणि पुढे महाविद्यालयातील दक्षिणा फेलोंच्या तनख्याकडे वळला. दरबारचे अनुदान असे विद्येच्या नव्या खात्यात जमा झाले खरे. परंतु मुलाच्या पोटाची तरतूद मात्र पूर्वीप्रमाणेच आळीतील गृहिणींच्या चुलीवर राहिली. इंग्रजी शिकणाऱ्या पहिल्या गरीब पिढ्या वेदपाठी मुलांच्याच वाटेने जेवल्या.

त्या पिढ्यांचे पाय किती बळकट होते याचा दाखला धोंडो केशव कर्वे यांच्या आत्मवृत्तात आहे. सतराव्या वर्षाच्या सुमारास मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी घाट चढून, १०० मैलांहून अधिक वाट चार दिवसांत तुडवून साताऱ्यास गेला, आणि तो वयाने लहान दिसतो एवढ्या सबबीवर परीक्षेस बसण्याची परवानगी त्याला नाकारण्यात आली. टेंभूच्या आगरकरांनी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असा विद्येचा पाठलाग केला. एकुलता एक सदरा रात्री धुवून सकाळी घालण्याची त्यांची कथा सर्वश्रुत आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या हालांपेक्षा हालांनंतरचे वर्तन. एम्. ए. झालेल्या आगरकरांनी मोठ्या पगाराकडे पाठ फिरवली. कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात आले. आणि ते महाविद्यालय चालविणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी दरमहा ७५ रुपयांवर उभे आयुष्य बांधून घेतले. दारिद्र्य एकदा जवळून पाहिलेल्यास त्याचा बाऊ वाटत नाही. (हाच अनुभव घेऊन आयुष्यभर रुपया-आणा मोजीत बसलेलेही पुष्कळ निघाले, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, इतकेच.)

तथापि या प्रथेचा एक दरवाजा सतत बंद होता. झोळी ब्राह्मणाच्या मुलाची, आणि ती भरणारी घरेही बहुतांशी ब्राह्मणांचीच. कुणब्याच्या, मराठ्याच्या, जैनाच्या मुलाने पुण्यास किंवा कोल्हापुरास येऊन कोणाच्या ओसरीवर बसावे? अस्पृश्य गणलेल्या मुलास तर ओसरीच नव्हती. आणि मुलीने विद्येसाठी असे बाहेर पडणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. घर सोडण्याचे धैर्य सर्वांजवळ असू शकते. पण सोडल्यावर जेवावयाचे कोठे, याचे उत्तर जातीच्या खातेवहीत लिहिलेले होते. हे ज्याने पुरते ओळखले तो शाहू छत्रपती. १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे राहिले, आणि मागोमाग इतर जातींची वसतिगृहेही उघडली. ती जातवार होती हा आक्षेप रास्त आहे. पण ज्या मुलांना पूर्वी ओसरीच नव्हती त्यांना छप्पर मिळाले, हे आक्षेप घेणाऱ्यानेही विसरू नये.

जातवार भिंत पाडली ती भाऊराव पाटलांनी. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून १९२४ साली त्यांनी साताऱ्यास जे वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली व एका पंक्तीस जेवली, आणि अन्न मागून न आणता स्वतःच्या श्रमाने मिळवू लागली. संस्थेत दाणागोटा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. वारावर जेवणारा मुलगा यजमानाचा मिंधा असे. साताऱ्यातला मुलगा कुदळ मारून जेवीत असल्यामुळे कोणाचाच मिंधा नव्हता. घर सोडणे, अर्धपोटी अभ्यास करणे, परक्यांत मिसळणे हे सर्व तेथेही होते, फक्त झोळी नव्हती.

पुण्यात मात्र झोळी आणखी काही काळ टिकली. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुलेही माधुकरी मागून आणीत. दुसऱ्या महायुद्धात धान्यावर नियंत्रण आले, आणि माणशी मोजून मिळणाऱ्या शिध्यात आठव्या दिवशीचे एक जादा पान बसविणे सुस्थित घरांनाही जड होऊ लागले. गृहिणींनी वार तोडले ते बहुधा मोठ्या संकोचाने, आणि मुले खाणावळींकडे वळली.