एक आड एक

एखाद्या लशीने अमुक इतकी माणसे वाचली, हे सांगणे दफ्तरातील आकडे हाती असणाऱ्यास फारसे अवघड नसते. परंतु ती सर्वांना सारखीच फळली काय, आणि नसल्यास ती न्यूनाधिकता लशीची की टोचून घेणाऱ्या माणसांची, या प्रश्नापाशी भल्याभल्यांची मती कुंठित झालेली आहे.

विषमज्वरावरील आल्मरॉथ राइट यांची लस दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ब्रिटिश फौजेस उपलब्ध झाली. मात्र सक्ती नसल्यामुळे ज्याने स्वेच्छेने दंड पुढे केला त्यालाच ती टोचण्यात आली. युद्धोत्तर काळी लष्करी वैद्यकखात्यातील सिंप्सन यांनी या आणि भारतातील शिपायांचे तपशील लंडनचे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या स्वाधीन केले, आणि १९०४ साली पिअर्सनांनी आपला निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. लस घेणे आणि रोगापासून बचावणे यांच्यातील सहसंबंध, म्हणजे मुळीच नाते नसेल तर शून्य आणि पूर्ण असेल तर एक असे ते माप, त्यांनी प्रत्येक गटासाठी निराळे काढले. इस्पितळांच्या सेवकवर्गात ते ०.३७३ आले, वेढ्यात सापडलेल्या लेडीस्मिथच्या शिबंदीत ०.४४५, सेनापती मेथ्यूएन यांच्या सैन्यात ०.१९१, भारतातील फौजेत अवघे ०.१००, आणि सुट्या पलटणींत तर ०.०२१! एकच लस, आणि फळ मात्र गटागणिक इतके भिन्न. या पाचांची सरासरी, सुमारे ०.२३, काढून स्वस्थ बसणे सोपे होते. पिअर्सनांची थोरवी ही, की त्यांना सरासरीपेक्षा ही विषमताच अधिक बोलकी वाटली.

तिचा उलगडा मात्र सहजसाध्य नव्हता. लेडीस्मिथच्या तटबंदीत टोचलेला आणि न टोचलेला, दोघेही तेच पाणी पीत होते; उलट भारतात हा ज्वर मुख्यत्वे नव्याने आलेल्या तरुण गोऱ्या शिपायांना गाठी, त्यामुळे वय आणि नोकरीची वर्षे यांचा मेळ घातल्याखेरीज तेथील आकड्यावरून लशीस दोष देता येत नाही, असे मला वाटते. शिवाय जो आपण होऊन लस घेतो तो पाण्याविषयीही दक्ष असण्याचा संभव मोठा. मग त्याला तारले ते लशीने की त्याच्या स्वभावाने? म्हणूनच पिअर्सनांनी सुचविले, की राजी असणाऱ्यांची यादी करून त्यांतील एक आड एक शिपायास लस टोचावी. राइट यांना हा हिशेब मानवला नाही, आणि त्या नियतकालिकातच दोघांची कडाक्याची झुंज जुंपली.

या शिफारशीच्या सहा वर्षे आधी, १८९८ साली, गायकवाडांच्या बडोदे राज्यातील उंढेरा या खेड्यात प्लेग शिरला असता, प्लेगची लस तयार करणारे हाफकिन यांनी याच तत्त्वाची तजवीज केली होती, हे आपल्याकडील वाचकाने आवर्जून ध्यानी ठेवावे. २८ कुटुंबांतील माणसे त्यांनी घरोघरी दोन भागांत अशी वाटली, की घर, अन्न आणि संसर्ग दोहोंना सारखाच लाभावा, आणि एकाच भागास लस टोचली. टोचलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले व ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि त्यांतील २६ दगावले.