हजारे, गावसकर, तेंडुलकर : तुलना करायची ती कशी?

मराठी क्रिकेटरसिकांच्या बोलण्यात एक गमतीदार व्याकरण आढळते. विजय हजारे यांचा उल्लेख ‘ते’ असा होतो, सुनील गावसकर यांचा कधी ‘ते’ तर कधी ‘तो’, आणि सचिन तेंडुलकर मात्र पन्नाशी ओलांडल्यावरही ‘तो’च राहतो. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर, अर्थात हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, रणजी सामना असला की प्रेक्षकांतील तीन पिढ्यांची चर्चा हमखास याच तीन नावांवर येऊन ठेपते. तिघांत थोर कोण, या प्रश्नाला सर्वांना मान्य होईल असे उत्तर नाही. परंतु तुलना कोणत्या आधारावर करावी आणि कोणते आधार फसवे आहेत, हे मात्र बऱ्याच अंशी सांगता येते.

प्रथम कोरडे आकडे पाहू. हजारे : ३० कसोटी, २१९२ धावा, सरासरी ४७.६५, शतके ७. गावसकर : १२५ कसोटी, १०,१२२ धावा, सरासरी ५१.१२, शतके ३४. तेंडुलकर : २०० कसोटी, १५,९२१ धावा, सरासरी ५३.७८, शतके ५१. एकूण धावा आणि शतके पाहिली तर वाद तेथेच संपतो. सरासरी पाहिली तर तो सुरू होतो, कारण तिघांतील अंतर अवघे सहा धावांचे आहे.

सरासरी हे मापही सरसकट वापरता येत नाही. विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२० आहे, म्हणजे गावसकर आणि तेंडुलकर या दोघांपेक्षाही अधिक. तरीही या दोघांहून कांबळी श्रेष्ठ होता असे कोणी म्हणत नाही. तो १७ कसोटी खेळला आणि त्याच्या १०८४ धावांतील ४५१ धावा १९९३ मधील लागोपाठच्या दोन द्विशतकांतून आल्या. थोड्या डावांची सरासरी एखाद-दुसऱ्या मोठ्या खेळीने फुगते. मग ३० कसोटींचे हजारे या आक्षेपातून सुटतात काय? ते सुटतात, आणि त्याचे कारण कसोटी क्रिकेटच्या बाहेर सापडते.

हरवलेली दहा वर्षे

११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे जन्मलेले हजारे १९३४-३५ च्या सुमारास प्रथम श्रेणी क्रिकेट खेळू लागले. ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही. महायुद्धाने जगभरचे क्रिकेट थांबवले होते. हजारे यांच्या वयाची एकविसावी ते एकतिसावी ही वर्षे, म्हणजे फलंदाजाच्या उमेदीचा सारा काळ, त्यात गेला. जून १९४६ मध्ये लॉर्ड्सवर ते पहिली कसोटी खेळले तेव्हा त्यांचे वय ३१ होते. सचिनने कसोटीतील दहा हजार धावांचा टप्पा मार्च २००५ मध्ये कोलकात्यात ओलांडला, तेव्हा त्याचेही वय ३१ च होते! एकाचा प्रारंभ आणि दुसऱ्याचे दहा हजार एकाच वयात यावेत, यावरून एकूण धावांची तुलना किती व्यर्थ आहे हे ध्यानात यावे.

त्या दहा वर्षांत हजारे स्वस्थ बसले नव्हते. १९३९-४० च्या रणजी हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. पुढे ते बडोद्याकडूनच खेळू लागले. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या पंचरंगी सामन्यात ‘रेस्ट’ संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. त्या डावात त्यांनी बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागीदारी केली, त्यात विवेक यांचा वाटा होता २१! प्रथम श्रेणीतील त्यांच्या एकूण धावा १८,७४० आणि सरासरी ५८.३८. कसोटीतील ४७.६५ हा आकडा योगायोगाचा नव्हता, याचा पुरावा या धावांत आहे.

हजारे यांचा कस लागला तो जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. त्यात ब्रॅडमन यांच्या २०१ (त्यांचा त्रिफळा हजारे यांनीच उडवला). उत्तरादाखल हजारे यांनी ११६ आणि फॉलोऑननंतर १४५ धावा केल्या. दुसऱ्या डावात रे लिंडवॉल यांनी ३८ धावांत ७ बळी घेतले आणि भारताचा डाव २७७ धावांत संपला, म्हणजे निम्म्याहून अधिक धावा एकाच फलंदाजाच्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत मात्र एक डाव आणि १६ धावांनी हरला.

पराभूत संघातील फलंदाजाचे मोल कसे करावे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. सोबती बाद होत असताना केलेल्या धावा या विजयी संघात केलेल्या धावांहून जड मानाव्यात, असा एक पक्ष आहे आणि त्यात तथ्य आहे. १९५२ मध्ये लीड्सला भारताच्या दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद झाले. (त्या चौघांत गावसकर यांचे मामा माधव मंत्री हेही होते.) त्या डावात कर्णधार हजारे यांनी ५६ आणि दत्तू फडकर यांनी ६४ धावा केल्या, संघाच्या झाल्या १६५. धावांच्या यादीत या ५६ ला काहीच वजन नाही.

गोलंदाज कोण होते?

गावसकर यांच्याविषयी बोलताना वेस्ट इंडीजविरुद्धची १३ शतके आणि त्या संघाचे चार वेगवान गोलंदाज यांची सांगड घालण्याची रीत आहे. ती तपासून पाहण्याजोगी आहे. या तेरांपैकी चार शतके १९७१ च्या पदार्पणाच्या मालिकेतील. चार कसोटींत ७७४ धावा हा पराक्रम थोरच, पण वेगवान गोलंदाजांचा तो प्रसिद्ध ताफा तेव्हा जन्मालाच आला नव्हता. आणखी चार शतके १९७८-७९ मधील, जेव्हा विंडीजचे प्रमुख खेळाडू पॅकर यांच्या स्पर्धेत गुंतले होते. राहिली पाच : १९७६ मध्ये त्रिनिदादला दोन, १९८३ मध्ये गयानात एक, आणि १९८३-८४ मध्ये दिल्लीचे १२१ व मद्रासचे नाबाद २३६. मद्रासला ते चौथ्या क्रमांकावर आले तेव्हा दोन गडी बाद झाले होते आणि फलकावर एकही धाव लागलेली नव्हती.

म्हणजे दंतकथा थोडी सैल करावी लागते. तथापि पाच हा आकडाही लहान नाही. गावसकर यांनी यातील बहुतेक खेळ हेल्मेटविना, नव्या चेंडूसमोर सलामीला येऊन केला. पुढे त्यांनी डोक्यावर एक छोटी संरक्षक टोपी वापरली तेवढीच. षटकात किती उसळते चेंडू टाकावेत यावर त्या काळी आजच्यासारखे बंधन नव्हते. एका फलंदाजाला षटकात एकच, असा निर्बंध १९९१ मध्ये आला आणि नंतर तो शिथिल झाला.

सचिनच्या बाबतीत आक्षेप घेतला जातो तो दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांचा. बांगलादेशविरुद्ध त्याने सात कसोटींत १३६.६६ च्या सरासरीने ८२० धावा केल्या, झिम्बाब्वेविरुद्ध नऊ कसोटींत ७६.५० च्या सरासरीने ९१८. हे दोन्ही संघ वगळून हिशेब केला तर सचिनची सरासरी ५१.०२ येते. गावसकर यांची आहे ५१.१२! वाद घालणाऱ्यांनी जरा थांबून पाहावा असा हा आकडा आहे. मात्र न्याय दोहोंकडे सारखा हवा. गावसकर यांच्या काळात नवखा असलेल्या श्रीलंकेविरुद्धची सात कसोटींतील ६६.६६ ची सरासरी वगळली, तर तेही ५०.३८ वर येतात. शिवाय सचिनने ज्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३९ कसोटींत ५५ च्या सरासरीने ३६३० धावा व ११ शतके केली, तो संघ बराच काळ जगातील सर्वांत बलाढ्य होता.

परदेशातील कामगिरी ही दुसरी कसोटी. येथे दोघेही सारख्याच डौलाने उभे राहतात : गावसकर यांची सरासरी मायदेशी ५०.१६ व परदेशी ५२.११, सचिनची ५२.६७ व ५४.७४. भारतीय फलंदाजांना ‘घरचे वाघ’ म्हणण्याची सवय असणाऱ्यांनी हे चार आकडे लक्षात ठेवावेत.

फरक पडतो तो चौथ्या डावात. झिजलेल्या खेळपट्टीवर लक्ष्य समोर असताना गावसकर यांची सरासरी ५८.२५ आहे, सचिनची ३६.९३. १९७९ मध्ये ओव्हलवर ४३८ धावांचा पाठलाग करताना गावसकर यांनी २२१ धावा केल्या आणि भारत ८ बाद ४२९ वर थांबला. सचिनच्या नावावर चौथ्या डावात तीन शतके आहेत. पैकी १९९९ मधील चेन्नईचे १३६ पाकिस्तानविरुद्ध अवघ्या १२ धावांनी निष्फळ ठरले. तो बाद झाल्यावर उरलेल्या तिघांना मिळून चार धावा करता आल्या. डिसेंबर २००८ मध्ये त्याच चेन्नईत इंग्लंडविरुद्ध ३८७ धावांचे लक्ष्य गाठताना तो १०३ वर नाबाद राहिला. या एका निकषावर गावसकर यांचे पारडे स्पष्टपणे जड आहे. सचिनच्या बाजूने सांगायचे ते असे, की तो सोळाव्या वर्षापासून चोवीस वर्षे खेळला, त्याच्या फलंदाजीचे चित्रीकरण करून प्रत्येक संघाने तिची चिरफाड केली, आणि एकदिवसीय क्रिकेटचा भार तो सोबत वाहत होता. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला कव्हर ड्राइव्हचा मोह टाळून त्याने केलेल्या नाबाद २४१ धावा हे त्या अभ्यासाला दिलेले उत्तर होते.

बदललेला खेळ

काळानुसार सारेच फलंदाजाला अनुकूल होत गेले असे समजणे चूक आहे. आच्छादित खेळपट्ट्या, जाड बॅटी, हेल्मेट आणि तटस्थ पंच ही नंतरच्या पिढीची कमाई. परंतु जुन्या पिढीला परदेश दौऱ्यात कसोटीआधी कितीतरी सराव सामने मिळत. १९४६ चा इंग्लंड दौरा पूर्ण उन्हाळाभर चालला होता. आता विमानातून उतरल्यावर आठवडाभरात कसोटी सुरू होते.

धावगतीचेही तसेच. नाशिक येथे १९३३ मध्ये जन्मलेले बापू नाडकर्णी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकतात, त्यातील २७ निर्धाव आणि धावा केवळ पाच. त्यात सलग २१ निर्धाव षटकांचा विक्रम. असा पृथक्करणाचा तक्ता आज संभवत नाही. तो गोलंदाजाच्या अचूकतेइतकाच त्या काळच्या फलंदाजीच्या वृत्तीचाही दाखला आहे. प्रति शंभर चेंडूंमागे धावा हे माप दोन पिढ्यांना एकदम लावले की काय घोटाळा होतो, ते यावरून कळते. जाता जाता नोंदवायचे म्हणजे, त्याच मालिकेत कानपूरला फॉलोऑननंतर नाडकर्णी यांनी तिसऱ्या क्रमांकावर येऊन नाबाद १२२ धावा करून सामना वाचवला. निर्धाव षटकांच्या कीर्तीत हे शतक झाकोळून गेले, आणि नाशिककरांनाही त्याचा विसर पडावा हे बरे नव्हे.

ताज्या पिढीचा हिशेब याच मापांनी केला तर आश्चर्य वाटते. विराट कोहलीने मे २०२५ मध्ये कसोटीतून निवृत्ती घेतली तेव्हा त्याच्या १२३ कसोटींत ९२३० धावा होत्या आणि सरासरी ४६.८५, म्हणजे हजारे यांच्याहून किंचित कमी. २०१९ अखेर ८४ कसोटींनंतर हीच सरासरी ५४.९७ होती. पुढच्या ३९ कसोटींत २०२८ धावा आणि तीन शतके एवढेच हाती आले. या घसरणीत वयाचा वाटा किती आणि मायदेशातील पहिल्या दिवसापासून वळणाऱ्या खेळपट्ट्यांचा किती, याची वाटणी कोहलीच्या बाबतीत अजून कोणी नीट केलेली नाही. त्याच काळात अजिंक्य रहाणे आणि चेतेश्वर पुजारा यांच्या सरासऱ्याही खाली आल्या, ही गोष्ट ती करताना विसरून चालणार नाही.

तुलनेच्या या साऱ्या खटाटोपात ज्यांची नोंदच होत नाही अशीही एक रांग आहे. १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध १४८ धावा करणारे प्रा. दि. ब. देवधर भारताने पहिली कसोटी खेळली त्या १९३२ साली चाळिशीचे होते आणि कसोटी खेळलेच नाहीत. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या तत्कालीन विश्वविक्रमाला नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळण्यास नकार दिला. कोणत्याही भारतीयाची प्रथम श्रेणीतील ती सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकर यांच्या नावापुढील कसोटी सरासरीचा रकाना कोरा आहे. त्यांना एकाही कसोटीत संधी मिळाली नाही.