अस्थींवरचा खटला

पणजीच्या चर्चच्या पायऱ्या उतरून आले की समोर नगरपालिकेची बाग लागते. मागे गोव्यास गेलो असता एका संध्याकाळी मी तेथे बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते. बागेस नाव कोणाचे, असे मी सहज त्यांस विचारले. "गार्सिया द ओर्ता. कोणी जुना पोर्तुगीज वैद्य होता म्हणे," ते म्हणाले. उत्तर चुकीचे नव्हते. मात्र ज्याच्या नावाने ही बाग फुलते, त्याच्या अस्थी येथून तीन कोसांवर, जुन्या गोव्यात, थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या होत्या. ती तारीख होती ४ डिसेंबर १५८०. वैद्यबुवा मरून तेव्हा बारा वर्षे लोटली होती.

मेलेल्या माणसावर खटला का चालवावा, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडीत नाही.

ओर्ताचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांस देशाबाहेर घालविले, तेव्हा हजारो कुटुंबे शेजारच्या पोर्तुगालात आली. पाचच वर्षांनी तेथेही तोच प्रसंग ओढवला. राजा मानुएल याला स्पेनची राजकन्या हवी होती, आणि यहुद्यांचे हुन्नर व पैसाही हातचा घालवायचा नव्हता. त्याने युक्ती केली. आधी हद्दपारीचा हुकूम काढला, मग बंदरांच्या वाटा रोखल्या, आणि १४९७ साली अडकून पडलेल्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करविला. या लोकांस 'नवख्रिस्ती' म्हणू लागले. सारी मेख त्या 'नव' शब्दात आहे. बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ती होतो असे धर्मशास्त्र सांगत होते. पण यांची मुले, नातवंडे, पणतवंडेही 'नव'च राहिली. १५०६ साली लिस्बनच्या रस्त्यांत अशा नवख्रिस्त्यांची सर्रास कत्तल झाली. धर्म बदलला तरी रक्त संशयित राहिले.

ओर्ता स्पेनमध्ये वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक झाला, आणि १५३४ साली गोव्याच्या गलबतात चढला. दोनच वर्षांनी पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षणाचे न्यायपीठ, स्थापन झाले. पुढे त्याच्या बहिणीही गोव्यास आल्या. येथे त्याचे भाग्य उजळले. व्हाइसरॉय त्याच्याकडून औषध घेत. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचा मोठा सन्मान होता. तेथील हकिमांशी तो वाद घाली आणि त्यांच्याकडून शिके. मुंबईचे बेट त्याच्याकडे खंडाने होते.

१५६३ साली गोव्यात छापलेले त्याचे संवादरूप पुस्तक इथल्या वनस्पतींवर व औषधांवर आहे. त्यात हिंग आहे, नारळ आहे, मुंबईहून भेटीदाखल आलेल्या आंब्यांची चर्चा आहे. पटकीचे वर्णन करताना इथले लोक तिला 'मोडशी' म्हणतात, हेही तो नोंदवितो. आमच्या आजीच्या तोंडचा शब्द चारशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज पुस्तकात भेटला तेव्हा मला नात्यातले कोणी भेटल्याचा आनंद झाला.

पण पुस्तक निघण्याआधी तीन वर्षे, १५६० साली, इन्क्विझिशन गोव्यातही येऊन बसले होते. ओर्ता १५६८ साली वारला, आणि त्याच्या वजनाने जे छत्र घरावर धरले होते ते त्याच्याबरोबर गेले. बहीण कातारीना हिला पकडण्यात आले. गुप्तपणे यहुदी धर्म पाळते, असा आरोप. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जिवंत जाळले. तिच्या नवऱ्याने जबानी दिली, की ओर्ताही मनाने मोझेसचा धर्मच खरा मानीत असे. त्या जबानीने पुढे कबर उघडली.

त्या नवऱ्यास दोष देणे सोपे आहे. मला ते धैर्य होत नाही. या न्यायपीठाची रीतच अशी होती, की आपल्याविरुद्ध कोणी सांगितले हे आरोपीस कळू देत नसत. नुसत्या कबुलीवर सुटका नव्हती. आणखी नावे सांगावी लागत. नवऱ्याने बायकोचे नाव घ्यावे, मुलाने आईचे, म्हणजे पश्चात्ताप खरा. मालमत्ता जप्त होई ती निराळीच. मेलेल्यावर खटला चाले तोही याच हिशेबात. वाड्यावस्त्यांतील प्रत्येक जिवंत माणसास कळावे, की मरणानेही सुटका नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. आमचे कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. केळोशीहून देवी आणि कुशस्थळीहून मंगेश नदीपार कसे नेले, त्या कथा ऐकतच मी वाढलो. साष्टी-बारदेशातील देवळे कशी पडली, १७३६ च्या फर्मानाने बाटलेल्यांच्या अंगणातील तुळससुद्धा कशी गुन्हा ठरली, हे मला पाठ होते. १७७४ पर्यंत सोळा हजारांवर लोकांवर खटले झाले, आणि उत्तरकाळात त्यांत आपलीच माणसे अधिक होती, हेही खरेच. इन्क्विझिशन म्हणजे आमचे दुःख, अशी माझी समजूत होती. त्या आगीत आरंभी पडले ते लिस्बनहून पळून आलेले, पोर्तुगीज बोलणारे, चर्चला जाणारे लोक होते, हे मी पन्नाशीत वाचले. ज्याला केवळ आपलाच छळ आठवतो, त्याला छळ कळलेला नसतो. त्याला केवळ वैर कळलेले असते. आणि जन्मावरून माणूस जोखण्याची विद्या आम्हांस पोर्तुगिजांकडून शिकावी लागली नव्हती, हेही याच वेळी आठवलेले बरे.

जगाला ओर्ताचा हा शेवट फार उशिरा कळला. १८८६ साली फिकाल्योच्या काउंटने त्याचे मोठे चरित्र लिहिले, त्यात अस्थींच्या खटल्याचा पत्ता नाही. १८१२ साली गोव्याचे इन्क्विझिशन कायमचे उठले आणि पुढे त्याची दप्तरेही नष्ट झाली. लिस्बनला जे कागद उरले होते, त्यांतून १९३४ साली सिल्व्हा कार्व्हाल्यो या संशोधकाने ही हकीकत उजेडात आणली. छळणाऱ्यांनी चोख लिहून ठेवले होते, म्हणून छळलेले सापडले.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या गोव्यास गेलो. न्यायपीठाची इमारत से कॅथेड्रलच्या जवळच होती. आता तिचे काही उरलेले नाही. पर्यटक छायाचित्रे घेत होते. संध्याकाळी बागेत तेच गृहस्थ पुन्हा भेटले, तेव्हा मी त्यांस सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वैद्याच्या नावाने बाग झाली. बहिणीच्या नावाने काय आहे?"

मला काही सांगता आले नाही.