खुलताबाद परिसरातील पक्षिजीवन

खुलताबाद परिसरातील पक्षिजीवन या लेखात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील खुलताबाद तालुक्याची डोंगरवने व लगतची शेतशिवारे यांत आढळणारे पक्षी आणि त्यांचे अधिवास यांची माहिती दिली आहे. या भागात वन आणि शेती यांच्यातील सीमा पक्ष्यांच्या दृष्टीने ठळक नाही. अनेक पक्षी एका अधिवासात घरटे बांधतात आणि दुसऱ्यात अन्न शोधतात. त्यामुळे बांधावरची झाडे, कुंपणाची झुडपे व जुन्या विहिरी यांनाही वनांच्या जोडीने महत्त्व आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

खुलताबाद हे जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे २५ कि.मी. अंतरावर डोंगराळ भागात वसले आहे. तालुक्यातील म्हैसमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंच आहे. येथील वने शुष्क पानझडी प्रकारची असून त्यांत साग, धावडा, सालई, पळस, खैर, सीताफळ व बोर ही झाडे आढळतात. पायथ्याशी काळ्या जमिनीत कापूस, मका, बाजरी, तूर व आले ही पिके घेतली जातात.

अधिवास आणि पक्षी

डोंगरउतारावरील वनांत मोर, टकाचोर, हळद्या, सुतारपक्षी, निखार आणि स्वर्गीय नर्तक हे पक्षी आढळतात. नवरंग हा पक्षी पावसाळ्याच्या तोंडावर येतो व दाट झाडोऱ्यात वीण करतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल वड, पिंपळ व उंबर यांच्या फळांवर जगतो. ही झाडे वनाबाहेर बांधांवर आणि देवळांभोवतीही असल्याने फळे पिकली की त्याचे थवे तेथे उतरतात.

वेरूळची लेणी ज्या बेसाल्टच्या कड्यात कोरली आहेत, तेथील कपारी पाकोळ्या व पारवे यांना घरट्यांसाठी उपयोगी पडतात. पारवे दिवसा खालच्या शेतांत दाणे टिपतात आणि सायंकाळी कड्यांकडे परततात. उघड्या मुरमाड माळांवर माळटिटवी, चंडोल व धाविक हे जमिनीवर घरटे करणारे पक्षी राहतात.

शेतशिवारात कोतवाल, वेडा राघू, नीलपंख, साळुंकी, गायबगळा, होला व राखी तित्तर हे पक्षी नेहमी दिसतात. जुन्या विहिरींच्या दगडी बांधकामातील पोकळ्यांत साळुंकी आणि पिंगळा घरटी करतात. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरण आपली घरटी टांगते, कारण पाण्यावरील फांदीपर्यंत शत्रूला सहज पोहोचता येत नाही.

ऋतुमान

चातक नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतो. पावशाही तसेच करतो. म्हणून सातभाईंना आसरा देणारी झुडपे तोडली गेली, तर चातकाच्या विणीलाही बाधा येते. हिवाळ्यात धोबी, काळा थिरथिरा, भोवत्या व भोरड्या हे पाहुणे येतात. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे कणसांवर उतरतात. त्यांना हाकलण्यासाठी माळ्यावर बसून गोफणीने राखण करण्याची जुनी पद्धत आहे. पुढे पळस फुलल्यावर याच भोरड्या त्याच्या फुलांतील मध पितात.

शेतीशी संबंध

दाणे खाणाऱ्या पक्ष्यांमुळे पिकाचे काही नुकसान होते. मात्र कोतवाल, नीलपंख, साळुंकी आणि गायबगळा पिकावरील किडे खातात, तर कापशी व गव्हाणी घुबड उंदरांवर नियंत्रण ठेवतात. बुलबुल, तांबट व कोकीळ यांच्या विष्ठेतून वड, पिंपळ व उंबर यांच्या बिया दूरवर पडतात.

अभ्यासाचा इतिहास

हा प्रदेश पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये या संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. त्याचा वृत्तांत मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठवाड्यातील पक्षिअभ्यासाचा तो एक महत्त्वाचा आधार आहे.

धोके व संवर्धन

बांध रुंद न ठेवता नांगरणे, बांधावरील बाभूळ व बोर तोडणे, जुन्या विहिरींचे दगडी काठ काढून सिमेंटचे कठडे बांधणे आणि कीटकनाशकांचा वाढता वापर यांमुळे शिवारातील आसरा व अन्न कमी होते. उन्हाळ्यातील वणव्यांत जमिनीवरची घरटी नष्ट होतात. उत्तरेकडील गौताळा औट्रमघाट अभयारण्याला १९८६ पासून संरक्षण आहे. वन्य पक्ष्यांच्या शिकारीवर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बंदी आहे. परंतु शेतबांधावरील झाडे अशा संरक्षित क्षेत्राबाहेर असल्याने त्यांचे जतन बहुतांशी शेतकऱ्यांच्या निर्णयावर अवलंबून असते.